साईट न लावता नेम कसा बसतो? तीरकमठा शिकणाऱ्यांसाठी धागा

कडेपठार

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं हा धागा काढायचं, आज द्राक्षाच्या छाटणीची गडबड संपली म्हणून निवांत बसून लिहितेय.

मी गेली अडीच वर्षं साईट (नेम धरायला धनुष्यावर लावतात ती खूण) न लावता धनुष्य चालवतेय. साधं लाकडी रायझरचं (म्हणजे मधल्या मुठीचं) रिकर्व्ह, टोकं पुढे वळलेलं धनुष्य, त्यावर साईट नाही, स्टॅबिलायझर नाही, क्लिकर नाही. बाण लावायचा, ओढायचा, जिथं मारायचंय तिथंच बघत राहायचं आणि सोडायचा. याला सगळे इन्स्टिंक्टिव्ह म्हणतात आणि त्या शब्दानेच घोळ होतो. ऐकणाऱ्याला वाटतं ही उपजत गोष्ट आहे, कुणाच्या हातात असते, कुणाच्या नसते. माझ्या अनुभवात तसं अजिबात नाहीये. ही घोटून घोटून अंगात मुरवायची गोष्ट आहे, आणि ती कुणालाही जमते, पण ज्या क्रमाने शिकायला हवी त्याच्या बरोब्बर उलट क्रमाने आपण बहुतेक जण शिकतो.

माझंच सांगते. एका दुकानात गेले, तिथल्या माणसाने सांगितलं ताई ३५ पाउंडाचं घ्या (पाउंड म्हणजे ओढायला लागणारा जोर), नंतर परत खर्च नको. घेतलं. पहिल्या आठवड्यापासून २० मीटरवर बट (बाण रुतायची गादी) लावून मारायला लागले. चार महिन्यांत उजवा खांदा इतका धरला की वेणी घालता येईना. आणि नेम म्हणाल तर एक बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात, दुसरा बांधात, तिसरा शेजारच्यांच्या गवारीत. का चुकला ते कळत नव्हतं, आणि का लागला तेही कळत नव्हतं!

मग एका जाणत्या काकांनी धनुष्य काढूनच घेतलं माझ्याकडून. २० पाउंडाचं दिलं आणि म्हणाले, गोणीपासून एक मीटरवर उभी राहा, डोळे मिट आणि मार. कागद नाही, टार्गेट नाही, नुसती चिंध्या ठासून भरलेली गोणी. दीड महिना मी रोज संध्याकाळी तेवढंच केलं, रोज ५०-६० बाण.

त्या दीड महिन्यात काय झालं ते नीट सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. डोळे मिटले की पहिल्यांदा मला माझा हात कळला. दोरी ओढल्यावर तर्जनीचं टोक ओठाच्या कोपऱ्याला टेकतं, ते कधी टेकायचं, कधी बोटभर पुढेच राहायचं. अंगठ्यामागचा उंचवटा जबड्याच्या हाडाखाली बसतो. वरच्या पिसाची कड नाकाच्या शेंड्याला हलकी लागते, चिमणीचं पीस फिरवावं तशी. या तीन खुणा पटल्या की धनुष्य ओढलंय, नाहीतर नाही. मग ताण हातातून पाठीत सरकतो, दोन्ही खवाट्यांच्या मधे एक जागा आहे तिथे तो जाणवतो, आणि बोटं सैल सोडली की हात आपसूक कानाकडे मागे जातो. हे सगळं उघड्या डोळ्यांनी मला कधी कळलं नसतं, कारण डोळे उघडे असले की सगळा जीव टार्गेटवर असतो.

त्यानंतर ५ मीटर, मग ८, मग १०. पाच बाण तळहाताएवढ्या जागेत सलग तीन दिवस बसले की मगच दोन पावलं मागे. चुकायला लागले तर परत पुढे. आज मी २० मीटरवर बऱ्यापैकी खात्रीने मारते, २५ ला कधी कधी.

आणि बघायचं कसं, तर पूर्ण पिवळा गोल बघायचा नाही. मी गोणीवर कडुलिंबाचं एक पान टाचणीने लावते आणि पानसुद्धा नाही, त्याचं देठ जिथे सुरू होतं तो बिंदू बघते. नजर तिथे रोवली की बाण कुठे आहे, धनुष्य कुठे आहे ते डोळ्यांच्या कडेला धूसर दिसत असतं, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. बाण लागल्याचा 'टप्प' असा आवाज येईपर्यंत नजर हलवायची नाही. मान वर करून बाण कुठे गेला बघायचा मोह झाला की तो बाण गेलाच म्हणून समजा.

तुम्ही कसे शिकलात ते वाचायला आवडेल, आणि माझं काही चुकत असेल तर बिनधास्त सांगा.

नवखा_बाण

ताई, भारी लिहिलंय. मी पुण्यात असतो, वय ३१, आत्तापर्यंत फक्त एका रिसॉर्टवर दहा बाण मारलेत आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. तीन प्रश्न. किती पाउंडाचं घेऊ? मी उजवा आहे पण कॅमेऱ्याला डावा डोळा लावतो, त्याने काही फरक पडतो का? आणि पुढे मागे रानडुकराची वगैरे शिकार करता येते का यावर?

सातारी_मास्तर

शिकारीचं आधी बोलून घेतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, धनुष्याने शिकार करता येत नाही. रानडुक्कर असो की ससा, तो विषय डोक्यातून काढून टाका. टार्गेटवर मारण्यात जन्म जाईल इतकं शिकण्यासारखं आहे.

डोळ्याचं मात्र फार महत्त्वाचं विचारलंत. दोन्ही हात पुढे करून तळव्यांचा छोटा त्रिकोण करा, त्यातून लांबची एक वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू त्रिकोणात राहते तो तुमचा मुख्य डोळा. साईट लावून मारताना एक डोळा झाकून भागतं, पण इन्स्टिंक्टिव्हला दोन्ही डोळे उघडे ठेवायचे असतात आणि बाण मुख्य डोळ्याच्या बरोबर खाली हवा. तुमचा डावा मुख्य निघाला तर सरळ डाव्या हाताने ओढायचं धनुष्य घ्या, म्हणजे ते धरायचं उजव्या हातात. पहिले पंधरा दिवस अवघड जातं, नंतर नाही. मी बऱ्याच मुलांचा हात असा बदलून घेतलाय आणि सुरुवातीलाच बदलला तर काही बिघडत नाही.

पाउंड: २० ते २४ च्या वर जाऊ नका. आणि धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच ओढल्यावरचा असतो. तुमचे हात लांब असतील आणि तुम्ही ३० ओढलंत तर चार-पाच पाउंड वाढले हे लक्षात ठेवा.

आता कडेपठार ताईंसाठी. मी जिल्ह्यातल्या पोरांना इंडियन राउंड शिकवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बांबूचं धनुष्य, साईट नाही, ५० आणि ३० मीटर. देशातली किती तरी पोरं याच वाटेने आलीत. लिंबा राम राजस्थानातल्या आदिवासी घरातले, बांबूच्या धनुष्यावर सुरुवात करून तीन ऑलिंपिक खेळले, ८८, ९२, ९६. दीपिका कुमारीनेही झारखंडमध्ये बांबूच्या धनुष्यानेच सुरुवात केली. आपल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला गेला. २०२३ ला बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले तेव्हापासून मात्र प्रत्येक पालकाला पहिल्या दिवशी कंपाऊंड (चाकांचं यांत्रिक धनुष्य) हवं असतं. अभिमान मलाही आहे, छाती भरून येते, पण कंपाऊंडला साईटमध्ये भिंग असतं, दोरीत बघायला पीप म्हणजे बारीक भोक असतं, सोडायला यंत्र असतं. पाया पक्का नसेल तर तेच यंत्र चूक झाकून ठेवतं आणि ती चूक दोन वर्षांनी वर येते.

पण ताई, एक गोष्ट तुमच्याशी जुळत नाही. ५० मीटरवर माझी पोरं बाणाचं टोक बघतात. टोक कुठे दिसतंय आणि ते टार्गेटपासून किती खाली किंवा वर ठेवायचं हे त्यांना पाठ असतं. ५० मीटरला नुसतं 'बघ आणि सोड' चालत नाही. त्यामुळे साईट नाही म्हणजे इन्स्टिंक्टिव्ह, हे समीकरण बरोबर नाही.

कडेपठार

मास्तर, अगदी मान्य. मी दोन्ही एकाच पोत्यात घातलं. टोक बघून मारणं म्हणजे गॅप, ती वेगळी पद्धत, आणि मी ती करत नाही. माझी हद्द २०-२५ मीटरपर्यंतच आहे हेही खरं.

ह्यूस्टनचा_शेतकरी

मी टेक्सासमध्ये गेली नऊ वर्षं थ्रीडी खेळतोय, झाडीत फोमचे प्राणी ठेवलेले असतात, अंतर सांगत नाहीत, आपण वाटेवरून चालत जायचं आणि मारायचं. इंजिनियर असल्यामुळे मला आकड्यांशिवाय चैन पडत नाही, म्हणून थोडे आकडे टाकतो, मास्तर आणि ताई दोघांचं का बरोबर आहे ते त्यातून दिसेल.

हलक्या धनुष्याचा बाण साधारण ४० मीटर दर सेकंद वेगाने जातो असं धरू, हवेचा विरोध सोडून देऊ. १० मीटर जायला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो साधारण ३० सेंटिमीटर खाली येतो. २० मीटरला अर्धा सेकंद, म्हणजे सव्वा मीटर. ३० ला पाऊण सेकंद आणि पावणेतीन मीटर! अंतर दुप्पट झालं की घसरण चौपट. आता समजा तुम्ही अंतराचा अंदाज दोन मीटरने चुकलात. टार्गेट ८ वर आहे आणि तुम्ही १० चं समजून मारलं तर बाण ५ सेंटिमीटर वर लागेल, कुणाला कळणारही नाही. २८ च्या जागी ३० समजलात तर १७ सेंटिमीटर वर. म्हणून जवळ शरीराचा अंदाज पुरतो आणि लांब गेल्यावर टोकाचा आधार घ्यावासा वाटतो, यात कमीपणा काहीच नाही.

बाण डोळ्याच्या चार-पाच इंच खाली असतो. त्यामुळे जवळच्या टार्गेटवर टोक खूप खाली दिसतं, लांब जाल तसं वर येतं आणि एका अंतरावर टोक बरोबर टार्गेटवरच बसतं. त्याला पॉइंट ऑन म्हणतात. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरून ओढलं तर हे अंतर लांब पडतं. तिन्ही बोटं बाणाखाली धरली तर बाण डोळ्याच्या जवळ येतो आणि पॉइंट ऑनही जवळ येतं. बेअरबोचे (साईट न लावता खेळायचा स्पर्धेचा प्रकार) स्पर्धक तर दोरीवर बोटं खाली सरकवून प्रत्येक अंतराला पॉइंट ऑन करून घेतात, स्ट्रिंग वॉकिंग म्हणतात त्याला, आणि वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या बेअरबोमध्ये ते चालतं. फक्त दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून पार गेलं पाहिजे, म्हणजे लांब दांड्या बिंड्या लावता येत नाहीत.

मी स्वतः मात्र थ्रीडीला टोक बघत नाही. झाडीत, उतारावर, अर्धवट सावलीत हिशेब करत बसलो की हमखास चुकतो.

कडेपठार

क्या बात है, ते चौपटीचं मला आज कळलं. ८ वरून १० ला गेले तेव्हा काहीच जाणवलं नव्हतं आणि १८ वरून २० ला गेले तेव्हा आठवडाभर सगळे बाण खाली जात होते, मी आपली खांद्याला दोष देत होते.

यावरून एक आठवलं. अर्जुनाची पोपटाच्या डोळ्याची गोष्ट सगळे सांगतात, पण मला त्याच्या जेवणाची गोष्ट जास्त खरी वाटते. रात्री जेवताना वाऱ्याने दिवा विझला, अंधार झाला, तरी हात घास घेऊन बरोबर तोंडाशी जात राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की सवयीने हे होत असेल तर बाणही अंधारात मारता येईल, मग तो रात्री सराव करायला लागला. घास तोंडात जातो तो नेम धरून जात नाही ना. पण लहान मूल जेवायला शिकतं तेव्हा वरणभात नाकाला, गालाला, कानाला लागतो, हजार घासांनंतर तो हात ठरतो. माझं गोणीसमोरचं डोळे मिटून उभं राहणं म्हणजे तेच हजार घास.

पूर्वेचा_पाहुणा

धनुष्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण नोकरीमुळे तीन वर्षं शिलाँगला होतो म्हणून लिहितोय. तिथे 'तीर' नावाचा रोजचा खेळ आहे, पोलो मैदानाच्या बाजूला चालतो. खासी लोक अर्धवर्तुळात उकिडवे बसतात आणि समोर गवताच्या उभ्या भाऱ्यावर ठरलेल्या वेळात धडाधड बाण मारतात. मग भाऱ्यात रुतलेले बाण मोजतात आणि त्या आकड्याचे शेवटचे दोन अंक म्हणजे त्या फेरीचा नंबर, त्यावर सगळं शहर पैसे लावतं, सरकारी परवान्याने. जुगार बाजूला ठेवा, पण ती म्हातारी माणसं बघण्यासारखी होती. बांबूचं धनुष्य, बांबूचेच बाण, साईट वगैरे काही नाही, एक बाण सुटला की दुसरा कधी चढला ते दिसायचंच नाही. कुणी डोळा बारीक करताना मी पाहिला नाही. ताई म्हणतायत तेच ते असावं, घास तोंडात जातो तसं.

ह्यूस्टनचा_शेतकरी

व्वा! भूतानमध्येही असंच आहे, तिथला तो राष्ट्रीय खेळच, आणि टार्गेट जवळपास १४५ मीटरवर, ऑलिंपिकच्या ७० मीटरच्या दुप्पट. पारंपरिक खेळात बांबूचं धनुष्य आणि साईट नाहीच. एकदा जाऊन बघायचंय.

रिकामा_भाता

मी दोन वर्षांपूर्वी धनुष्य माळ्यावर ठेवलं ते अजून काढलेलं नाही, म्हणून हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझा हातच अडकायला लागला होता. टार्गेटच्या मध्यावर आलो की जिवाच्या आकांताने बोटं सुटायची, अँकरला (ओढलेला हात चेहऱ्याला टेकायची ठरलेली जागा) पोचायच्या आधीच. मनाशी म्हणायचो थांब थांब, आणि बाण गेलेला असायचा. नंतर नंतर तर मध्याच्या खाली येऊन हात गोठायचा, वर जाईचना. क्लबमध्ये म्हणायचे मन खंबीर कर. त्याने जास्तच वाढलं. कुणाला असं झालंय का?

सातारी_मास्तर

झालंय, मला स्वतःला झालंय, आणि चांगल्या चांगल्या खेळाडूंना होतं. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि यात मन कमजोर असण्याचा काही संबंध नाही. मध्य दिसला की सोड, अशी शरीराने गाठ मारून घेतलेली असते. ती गाठ सोडवावी लागते, धमकावून सुटत नाही.

माझं असं सुटलं. महिनाभर टार्गेट बंद, ताई म्हणाल्या तशी नुसती गोणी. दुसऱ्या महिन्यात कागद लावला, पण नियम असा की ओढायचं, अँकर करायचं, मध्यावर नजर ठेवून मनात पाच मोजायचे आणि न सोडता हळूच परत यायचं. असे चार वेळा परत यायचं आणि पाचव्यांदा सोडायचा. मध्य दिसला तरी काही होत नाही हे हाताला पटायला वेळ लागतो, पण पटतं. माळ्यावरून काढा ते धनुष्य. फक्त आधी लिंबांना (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांना) कुठे चीर गेलीय का आणि लिंब पिळलेत का ते बघा, दोरी नवीन घाला आणि दोरी चढवायला स्ट्रिंगरच वापरा, पायात अडकवून वाकवू नका.

रिकामा_भाता

मास्तर, मलाच झालंय असं वाटत होतं इतके दिवस. रविवारी काढतो.

चाफेकळी

सुरक्षेचं कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते, घरात दोन मुलं आहेत. रिकामं धनुष्य ओढून कधीही सोडायचं नाही, बाणात जाणारी सगळी ताकद लिंबांत उलटते आणि धनुष्य फुटू शकतं, पाहुण्यांच्या हातात दिलं की ते पहिलं हेच करतात. गोणीच्या मागे मातीचा बांध किंवा भिंत हवीच. बाण काढताना मागे कुणी उभं नाही ना बघायचं, आमच्याकडे धाकट्याच्या गालाला नॉक (बाणाचं दोरीत बसणारं मागचं टोक) घासून गेलाय, डोळा थोडक्यात वाचला. आणि कार्बनचे बाण असतील तर प्रत्येक वेळी दोन्ही टोकं धरून थोडा वाकवायचा आणि कानाजवळ नेऊन ऐकायचं, बारीक जरी कर्र आवाज आला तरी तो बाण मोडून फेकून द्यायचा, पुन्हा दोरीला लावायचा नाही. तसा बाण सुटताना फुटला तर कुसळं हातात घुसतात.

कडेपठार

चाफेकळी, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. मनापासून आभार.

नवखा_बाण

दीड महिन्यानंतर हजेरी लावतोय. डावा डोळाच मुख्य निघाला, म्हणून डाव्या हाताने ओढायचं २२ पाउंडाचं घेतलं. एक महिना नुसती गोणी, डोळे मिटून, खरंच केलं. गच्चीवर जागा आहे, मागे पाण्याच्या टाकीची भिंत. आता ६ मीटरवर आहे. अडचण अशी की बाण एकत्र बसतात, मुठीएवढ्या जागेत, पण सगळे पानाच्या वीतभर उजवीकडे. मग मी थोडं डावीकडे बघून मारायला लागलो तर ते बसायला लागले. हे चालेल का?

ह्यूस्टनचा_शेतकरी

नाही, अजिबात डावीकडे बघू नका! बघायचं पानाकडेच, नाहीतर तीच खोड अंगात बसेल. बाण एकत्र बसतायत म्हणजे तुमचं काम चोख झालंय, सामान जुळत नाहीये. डाव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण गरजेपेक्षा ताठ असेल तर उजवीकडे जातो, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावीकडे. तुमच्या बाणावर कुठला आकडा छापलाय? तो स्पाइन, म्हणजे बाण किती ताठ ते. २८ इंचांच्या दोन आधारांवर बाण आडवा ठेवून मधे ८८० ग्रॅमचं वजन टांगतात, तो अर्धा इंच वाकला तर ५०० स्पाइन. आकडा मोठा तितका बाण मऊ.

नवखा_बाण

५०० च लिहिलंय.

ह्यूस्टनचा_शेतकरी

मग सापडलं. २२ पाउंडाला तो काठीसारखा ताठ आहे. ८०० च्या पुढचे बघा, ९०० सुद्धा चालतील, आणि आत्ता लगेच कापून घेऊ नका, लांब बाण जास्त मऊ वागतो.

सातारी_मास्तर

आणि बाण येईपर्यंत कागद, पान काही लावू नका, परत गोणीवरच मारा. शिवाय सोडताना हात गालाजवळून सरळ मागे जातोय का बाहेर फेकला जातोय ते कुणाला तरी मागून मोबाइलवर शूट करायला सांगा. हात बाहेर गेला तरी तुमचे बाण उजवीकडेच जाणार.

नवखा_बाण

नऊ दिवसांनी. ९०० चे सहा बाण आले. बायकोने व्हिडिओ काढला, हात थोडा बाहेर जात होताच, चार दिवस फक्त तेवढंच बघितलं. आज सकाळी ऊन यायच्या आत तुळशीचं एक पान टाचणीने लावलं, ६ मीटर, सहा बाण मारले. पाच पानाभोवती आणि एकाने टाचणीच उडवली, ती शोधतोय अजून, गच्चीत अनवाणी पोरं फिरतात.